शनिवारचा मिशिगन–ओहायो स्टेट सामना: बारा संघांच्या प्लेऑफमुळे त्याचे वजन घटले आहे का?

हुरॉनकाठ (२६ नोव्हेंबर २०२५)

येत्या शनिवारी दुपारी बारा वाजता ॲन आर्बरच्या मिशिगन स्टेडियमवर मिशिगन आणि ओहायो स्टेट या विद्यापीठांचे अमेरिकन फुटबॉल संघ समोरासमोर येतील. ओहायो स्टेटने यंदाचे अकराही सामने जिंकले असून तो संघ देशात पहिल्या क्रमांकावर आहे. मिशिगनने नऊ सामने जिंकले, तर ओक्लाहोमा आणि यूएससीविरुद्धचे दोन गमावले. १८९७ साली सुरू झालेली ही लढत १९१८पासून दरवर्षी होत आली आहे. केवळ २०२० साली कोविडमुळे ती रद्द झाली. डेट्रॉईटच्या उपनगरांत आणि ओहायो स्टेटच्या कोलंबस शहरात राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांची मुले याच दोन विद्यापीठांत शिकली आहेत, त्यामुळे इथल्या वाचकांपैकी अनेकांची बाजू आधीच ठरलेली असेल, असे मी गृहीत धरतो. माझी बाजू मिशिगनची आहे.

चर्चेसाठी मुद्दा असा आहे. गेल्या वर्षी ३० नोव्हेंबरला मिशिगनने कोलंबसमध्ये जाऊन १३–१० असा विजय मिळवला, तेव्हा मिशिगनच्या खात्यात सहा विजय आणि पाच पराभव होते आणि ओहायो स्टेट देशात दुसऱ्या क्रमांकावर होते. त्या पराभवानंतरही ओहायो स्टेटला बारा संघांच्या नव्या प्लेऑफमध्ये, म्हणजे राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीत, आठवे मानांकन मिळाले, आणि टेनेसी, ओरेगॉन, टेक्सस व नॉट्र डेम यांना एकामागोमाग हरवून २० जानेवारी २०२५ रोजी तो संघ राष्ट्रीय विजेता ठरला. तेव्हापासून असे म्हटले जाते की या सामन्यात हरल्याने आता काहीच बिघडत नाही.

मला हे मान्य नाही. या सामन्याला महत्त्व राष्ट्रीय क्रमवारीने कधीच दिले नव्हते. ओहायो स्टेटमध्ये १९३४पासून अशी प्रथा आहे की मिशिगनला हरवणाऱ्या संघातील प्रत्येक खेळाडूला सोन्याची छोटी पँट, म्हणजे साखळीत अडकवता येईल असे पदक, दिले जाते. ओहायो स्टेटचा या सामन्यातला शेवटचा विजय २०१९चा आहे, म्हणजे आज त्या संघात शेवटच्या वर्षाला असलेल्या, राष्ट्रीय विजेतेपदाची अंगठी मिळवलेल्या खेळाडूंकडेही ती पँट नाही. या आठवड्यात कोलंबसच्या विद्यापीठ परिसरात पाट्यांवरच्या प्रत्येक ‘एम’वर, म्हणजे मिशिगनच्या आद्याक्षरावर, लाल फुली मारलेली दिसते. ज्या सामन्याने काहीच बिघडत नाही, त्यासाठी कोणी एवढे करत नाही. माझा अंदाज: मिशिगन १७, ओहायो स्टेट १६.

ओलेंटँजी

आपण प्रथा सांगितल्यात, परंतु परिणामांविषयी फारसे बोलला नाहीत, आणि खेळात वजन परिणामांनीच येते, असे मी मानतो. १९७३चा सामना आठवून पाहा. दोन्ही संघ अपराजित होते आणि सामना १०–१० असा बरोबरीत सुटला. त्या काळी या दोन्ही संघांच्या बिग टेन परिषदेतून, म्हणजे विद्यापीठ संघांच्या साखळीतून, एकाच संघाला, तेही फक्त रोझ बोल या हंगामानंतरच्या मानाच्या सामन्याला, जाता येत असे. तो संघ ठरवण्यासाठी परिषदेतील विद्यापीठांच्या क्रीडा संचालकांनी मतदान केले आणि ओहायो स्टेटची निवड झाली. मिशिगनचा संघ एकही सामना न हरता घरी बसला. १९७२ ते १९७४ या तीन हंगामांत मिशिगनने तीस सामने जिंकले, दोन हरले, एक बरोबरीत सोडवला, आणि तरीही त्या खेळाडूंना एकदाही बोल सामना खेळता आला नाही. हा अन्यायच होता, पण त्या क्रूर नियमामुळेच नोव्हेंबरच्या त्या एका दुपारला विलक्षण धार होती.

२००६मध्ये पहिला आणि दुसरा क्रमांक समोरासमोर होते. मिशिगनचे जुने प्रशिक्षक बो शेम्बेकलर सामन्याच्या आदल्याच दिवशी वारले होते. ओहायो स्टेटने ४२–३९ असा विजय मिळवला आणि तीन गुणांनी हरलेल्या मिशिगनला राष्ट्रीय अंतिम सामन्याची संधी मिळाली नाही. ती फ्लोरिडाला मिळाली. आज तोच सामना तसाच झाला, तर दोन्ही संघ निर्धास्तपणे प्लेऑफमध्ये जातील. मी कोलंबसचा आहे, सलग चार पराभव मी पाहिले आहेत आणि प्रत्येक वेळी मला मनापासून दुःख झाले आहे. परंतु गेल्या वर्षीचे दुःख सात आठवड्यांत विरून गेले, आणि २०२१चे अजूनही विरलेले नाही. दोहोंतला फरक मला स्वतःला जाणवतो, म्हणून मी हे लिहीत आहे.

दुसरी फळी

वजनाचा वाद चालू द्या, पण शनिवारी मैदानावर काय होईल याविषयी हुरॉनकाठ यांचा अंदाज मला पटण्याजोगा वाटत नाही. ओहायो स्टेटचे बचाव प्रशिक्षक मॅट पॅट्रिशिया यांच्या फळीने अकरा सामन्यांत मिळून ८४ गुण दिले आहेत; एकाही प्रतिस्पर्ध्याला १६पेक्षा जास्त गुण करता आलेले नाहीत, आणि त्यांत टेक्ससही आले. समोर मिशिगनचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य खेळाडू, ब्राइस अंडरवुड पहिल्या वर्षाला आहे. त्याचा हात विलक्षण आहे, यात शंका नाही, पण ओहायो स्टेटच्या कॅलेब डाउन्ससारखा सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागचा बचावपटू, आपली जागा शेवटच्या क्षणापर्यंत लपवून ठेवतो, तेव्हा अठरा वर्षांच्या मुलाला चेंडू हातात आल्यावर दोन सेकंदांत जे वाचावे लागते, ते केवळ हाताच्या ताकदीने वाचता येत नाही. त्यातच मिशिगनचा चेंडू घेऊन धावणारा जस्टिस हेन्स दुखापतीमुळे बाहेर आहे आणि त्याच जागेवरचा जॉर्डन मार्शल खांदा दुखावल्याने मेरीलँडविरुद्ध खेळला नव्हता. मग १७ गुण येणार कुठून?

हुरॉनकाठ

दुसरी फळी, तुमची शंका रास्त आहे, म्हणून आधी तिच्याकडे वळतो. गेल्या चारही वर्षांत ज्या संघाने जमिनीवरून, म्हणजे चेंडू घेऊन धावून, अधिक यार्ड मिळवले तोच जिंकला, आणि चारही वेळा तो संघ मिशिगनचा होता. २०२१मध्ये मिशिगनच्या हसन हॅस्किन्सने एकट्याने पाच टचडाउन केले, म्हणजे पाच वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार नेला. गेल्या वर्षी ओहायो स्टेटला धावून केवळ ७७ यार्ड मिळाले, कारण मिशिगनच्या आघाडीच्या फळीने मधला रस्ता बंद केला होता आणि तरीही ओहायो स्टेटचे प्रशिक्षक त्याच रस्त्याने जात राहिले. म्हणून माझी आशा अंडरवुडच्या पासांवर नाही, बचावावर आहे. ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक ज्युलियन सेइन यंदा दर पाच पासांपैकी जवळपास चार अचूक पोहोचवतो, परंतु जेरेमाया स्मिथ आणि कार्नेल टेट हे त्याचे दोन्ही मुख्य रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे, रटगर्सविरुद्ध मैदानात उतरले नव्हते. ते शनिवारी पूर्ण वेगाने धावू शकतील का, आणि अंदाजाप्रमाणे बर्फ पडला तर लांब पासांवर किती विसंबता येईल, यावर बरेच काही अवलंबून आहे.

ओलेंटँजी, तुमचे १९७३चे उदाहरण मला फार जवळचे आहे, पण मी त्यातून नेमका उलटा अर्थ काढतो. तो सामना बरोबरीत सुटला आणि निकाल एका मतदानाने लागला; म्हणजे परिणाम मैदानाबाहेर ठरला, आणि तरीही लोक पन्नास वर्षांनंतर त्या १०–१०विषयी बोलतात. २०२१चे दुःख अजून का टिकले आहे, हेही सांगतो. तेव्हा प्लेऑफची जागा गेली, हे खरे. पण त्याआधी मिशिगनला २०११नंतर एकदाही जिंकता आले नव्हते, आणि ते चित्र पालटण्याची सुरुवात तुम्ही त्या दुपारी पाहिली.

आठवडाभर रजा

एक गोष्ट कोणीच मांडली नाही. २०२४पासून बिग टेनमधील गट रद्द झाले असून पहिले दोन संघ परिषदेच्या अंतिम सामन्यात जातात. त्यामुळे एखाद्या वर्षी हेच दोन संघ शनिवारी खेळून पुढच्याच शनिवारी इंडियानापोलिसमध्ये पुन्हा भेटू शकतात. यंदा परिषदेतला इंडियानाही अपराजित असल्यामुळे ही वेळ येण्याची शक्यता कमी आहे, परंतु ज्या वर्षी ती येईल, त्या वर्षी पहिल्या सामन्यात मुख्य खेळाडूंना विश्रांती देण्याचा विचार कोणता प्रशिक्षक करणार नाही? मला वाटते हा सामना ऑक्टोबरमध्ये घेतला पाहिजे.

ओलेंटँजी

याला माझा कडाडून विरोध आहे. प्लेऑफने या सामन्याची धार बोथट केली, असे मी म्हणतो आणि अजूनही म्हणेन. पण म्हणून त्याला नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारवरून हलवणे म्हणजे उरलेलेही घालवणे होय. १९५०मध्ये कोलंबसला हिमवादळात मिशिगनने एकही फर्स्ट डाउन (चार प्रयत्नांत दहा यार्डांची आगेकूच) न मिळवता ९–३ असा विजय मिळवला, तो ऑक्टोबरमध्ये घडला नसता. विश्रांतीविषयी म्हणाल, तर ओहायो स्टेटचे प्रशिक्षक रायन डे यांचा मिशिगनविरुद्धचा हिशेब एक विजय आणि चार पराभव असा आहे. राष्ट्रीय विजेतेपद मिळवूनही कोलंबसमध्ये त्यांना रोज हाच प्रश्न विचारला जातो. त्यांनी या सामन्यात स्मिथला बसवून ठेवले, तर तो निर्णय कोणीही विसरणार नाही.

हुरॉनकाठ

ओलेंटँजी, राष्ट्रीय विजेत्या प्रशिक्षकाला ज्या एका सामन्याबद्दल शहर अजून जाब विचारते, त्याचे वजन घटले असे तुम्ही कसे म्हणता, हे मला अजूनही उमगलेले नाही.

ओलेंटँजी

जाब शहर विचारते, प्लेऑफचे संघ निवडणारी समिती विचारत नाही. माझा आक्षेप तेवढ्यावरच आहे. ओहायो स्टेट २४, मिशिगन १०, आणि स्मिथ खेळणार.