साडेआठ महिने झाले, बाळ अजून आधाराशिवाय बसत नाही: विकासाचे तक्ते आईच्या हातात असावेत का?

कोथरूडची आई
माझा मुलगा साडेआठ महिन्यांचा आहे. मान छान धरतो, दोन्ही कुशींवर वळतो, पालथा पडून छाती उचलतो. बसवला की हात पुढे टेकून बसतो आणि हात सुटले की कलंडतो. रांगायचं अजून नाव नाही. सोसायटीतल्या आयांच्या ग्रुपवर रोज कुणाचा तरी व्हिडिओ येतो. परवा सात महिन्यांची एक मुलगी टीपॉयला धरून उभी राहिलेली दिसली आणि त्या रात्री मी बाळाला पाजताना रडत होते. फोनमधलं ॲप दर आठवड्याला विचारतं, 'बाळ आता आधाराशिवाय बसतं का?' मी दर आठवड्याला 'नाही' दाबते.

माझं मत स्पष्ट सांगते. कितव्या महिन्यात बाळाला काय यायला हवं हे सांगणारे हे तक्ते डॉक्टरांकडेच असावेत. आईच्या हातात दिले की ती बाळाकडे बघायचं सोडते, त्याला काय येत नाही तेवढंच शोधत बसते. त्यानं पायाचा अंगठा तोंडात घातला तो दिवस मला आठवत नाही, पण ॲपनं लाल खूण दाखवली ती तारीख पाठ आहे. सासूबाई म्हणतात, आमच्याकडे सगळे उशिराच चालले. मला त्यांचं पटायला लागलंय. तुम्हाला काय वाटतं?

हडपसरकर
शंभर टक्के सहमत. माझी मोठी दहाव्या महिन्यात चालली. धाकटा रांगलाच नाही, बसल्या बसल्या ढुंगणावर सरकत घरभर फिरायचा आणि सोळाव्या महिन्यात चालला. त्या सहा महिन्यांत मी जे भोगलं ते आठवलं तरी नको वाटतं. आज सारसबागेत दोघं पळतात तेव्हा कोण आधी चाललं होतं ते सांगूनही कुणाला ओळखता येणार नाही. ताई, ॲप काढून टाका.

धायरीचा बाबा
ताई, तुमचं रडणं मला कळतं. पण 'आमच्याकडे सगळे उशिरा चालतात' या वाक्यानं आमचे चार महिने खाल्ले.

मुलगी दहा महिन्यांची होती आणि बसत नव्हती. त्याहून मोठी गोष्ट अशी की लंगोट बदलताना तिचे पाय फाकायचे नाहीत, उभं धरलं की पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे. आम्हाला वाटायचं, पोरगी पायात ताकदवान आहे. घरातले सगळे म्हणाले थांबा, आणि तपासणाऱ्यांनीही थांबा म्हटलं. चौदाव्या महिन्यात दुसरीकडे नेलं आणि सेरेब्रल पाल्सीचं निदान झालं, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा नसणं. आज ती सहा वर्षांची आहे, पायांना आधार देणारे स्प्लिंट घालून शाळेत चालत जाते. चार महिने आधी नेलं असतं तर किती फरक पडला असता हे कुणी सांगू शकत नाही. पण ते महिने व्यायामात गेले असते, वाट बघण्यात नाही. माझ्या हातात तेव्हा तक्ता असता तर मी भांडलो असतो. त्यामुळे 'तक्ते डॉक्टरांकडेच राहू देत' हे मला अजिबात मान्य नाही.

बालफिजिओ, औंध
दोघांचंही ऐकलं. भांडण तक्त्याशी आहे की तो वाचायच्या पद्धतीशी, एवढं आधी ठरवू या.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2006 मध्ये पाच देशांतल्या निरोगी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आपल्या दिल्लीतली मुलंही होती. आधाराशिवाय बसणं 3.8 ते 9.2 महिने, एकट्यानं चालणं 8.2 ते 17.6 महिने. एवढी रुंद खिडकी आहे ही. म्हणजे टीपॉय धरणारी मुलगी आणि तुमचा मुलगा एकाच खिडकीत असू शकतात. त्याच अभ्यासात 4 टक्क्यांहून थोडी जास्त मुलं हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. हडपसरच्या ताईंचा धाकटा त्यातलाच. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं 2022 साली आपल्या टप्प्यांच्या यादीतून रांगणं काढूनच टाकलं. आमच्या क्षेत्रातल्या अनेकांना ते पटलेलं नाही, मलाही नाही. पण ते वेगळं भांडण.

तारखेपेक्षा मी हे बघते: अंग काठीसारखं ताठ आहे का, की कापडासारखं लुळं? वर्षाच्या आत एकच हात वापरतो का? चार महिन्यांनंतरही मूठ घट्ट मिटलेली राहते का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, येत असलेली गोष्ट यायची थांबली का? यातलं एक जरी दिसलं तरी वयाची वाट बघायची नाही, त्याच आठवड्यात दाखवायचं. धायरीच्या दादांची मुलगी याच खुणा दाखवत होती.

कोथरूडच्या ताई, एक प्रश्न. दिवस पूर्ण भरले होते का?

आजी, सदाशिव पेठ
मी चार नातवंडं वाढवली. आमच्या वेळी तक्ते नव्हते असं सगळे म्हणतात, पण लक्ष ठेवणारं माणूस होतं. न्हाऊ घालायला येणारी बाई पेठेतल्या पाच-सहा घरांतली बाळं रोज पायावर घ्यायची. कुठलं पोर आवळलेलं आहे, कुठलं सैल आहे, हे तिच्या हातांना कळायचं. आमच्या वाड्यातल्या एका बाळाचं तिनंच सांगितलं होतं, 'वहिनी, याचा डावा पाय दाखवून या.' आता बाई महिनाभर येते आणि जाते. मग बिचारी आई फोनला विचारणार नाही तर कुणाला? म्हणून तक्ता काढून घ्या म्हणणं मला बरोबर वाटत नाही. आणि तुळशीबागेतून एक लाकडी पांगुळगाडा आणून ठेवा, धरून उभा राहायला लागला की उपयोगी पडेल.

बालफिजिओ, औंध
आजी, ढकलत चालायचा पांगुळगाडा नंतर चालेल. पण मध्ये बसवायचा चाकांचा वॉकर कुणी भेट दिला तरी वापरू नका. त्यानं मूल लवकर चालत नाही आणि जिन्यावरून पडण्याची भीती असते. कॅनडानं 2004 मध्ये त्यावर बंदीच घातली. जागेपणी जमिनीवर सतरंजी आणि पालथं खेळणं, याला पर्याय नाही.

कोथरूडची आई
दिवस भरले नव्हते. पस्तिसाव्या आठवड्यात झाला, आठ दिवस काचेच्या पेटीत होता. हे इथे लिहायला हवं होतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

बालफिजिओ, औंध
पूर्ण दिवस म्हणजे चाळीस आठवडे, मग पाच आठवडे वजा करा. टप्प्यांसाठी तुमचा मुलगा साधारण सव्वासात महिन्यांचा आहे. दोन वर्षांपर्यंत असंच मोजायचं. सव्वासात महिन्यांचं बाळ हात टेकून बसतं हे अगदी वेळेवर आहे. लशी मात्र जन्मतारखेप्रमाणेच घ्यायच्या, त्यात वजाबाकी नाही.

आजी, सदाशिव पेठ
आठव्या महिन्यातलं पोर थोडं मागून येतं हे आम्हाला माहीत होतं गं. तुला कुणी सांगितलंच नाही!

हडपसरकर
बघा! म्हणजे इतके दिवस ताई उगाच रडली. हेच तर मी म्हणतेय.

धायरीचा बाबा
नाही ताई, इथे मी पुन्हा आडवा येतो. लवकर जन्मलेल्या मुलांमध्ये अशा अडचणींची शक्यता जास्त असते. माझी मुलगीही बत्तिसाव्या आठवड्यातली होती आणि 'दोन महिने वजा करा' म्हणूनच आम्हाला थांबवलं होतं. वजाबाकी करा, पण ती करून गप्प बसू नका. मन दुखेल म्हणून आईला माहिती द्यायची नाही, हे मला पटत नाही.

हडपसरकर
आणि माहितीच्या नावाखाली आईची झोप घालवायची हे मला पटत नाही. तुमच्या मुलीसाठी मनापासून वाईट वाटतं दादा, पण प्रत्येक घरात तुमची भीती नेऊन ठेवता येणार नाही.

कोथरूडची आई
काल रात्री ॲपमध्ये जन्मतारखेच्या जागी डॉक्टरांनी दिलेली बाळंतपणाची तारीख टाकली. लाल खुणा गेल्या. बरं वाटायच्या आधी संताप आला. इतके महिने दर आठवड्याला प्रश्न विचारणाऱ्याला 'दिवस भरले होते का' एवढं विचारावंसं वाटलं नाही? गरोदरपणी सरकारी दवाखान्यातून मिळालेलं माता-बाल संरक्षण कार्ड कपाटात होतं, तेही काढलं. त्यात चित्रं काढून सगळे टप्पे दिलेत. मी ते फक्त लशींसाठी उघडत होते.

तक्ते आईकडे नकोत हे माझं म्हणणं मी अर्धं मागे घेते. एकट्या आईकडे नकोत, हे कायम.

आज त्याला दोन चमचे दिले. एक उजव्या हातानं घेतला, दुसरा डाव्या. लंगोट बदलताना पाय सहज फाकतात. दोन आठवड्यांनी गोवर-रुबेलाची लस आहे, तेव्हा नीट तपासून मागणार आहे.

धायरीचा बाबा
जाताना व्हिडिओ काढून न्या. दवाखान्यात मुलं रडतात आणि काहीच करून दाखवत नाहीत. हात सुटल्यावर तो कुठल्या बाजूला कलंडतो, ते चार-पाच वेळा टिपून ठेवा.

कोथरूडची आई
आत्ताच काढला. दोनदा डावीकडे, दोनदा उजवीकडे, आणि पाचव्या वेळी माझ्याकडे.