टीक्यूएफपीच्या पायांमध्ये टूलपाथ येत नाही (३०१८, फ्लॅटकॅम)

प्रश्न, मालवण
विहिरीच्या पंपासाठी लेव्हल कंट्रोलर करतोय, त्याचा सर्किट बोर्ड ३०१८ या छोट्या सीएनसी यंत्रावर तांबं कोरून बनवतोय. चिप एटमेगा३२८, टीक्यूएफपी-३२ (चारही बाजूंना बारीक पाय, एकूण ३२). कायकॅडमध्ये आखलेल्या बोर्डाची गर्बर फाइल फ्लॅटकॅममध्ये (टूलपाथ, म्हणजे बिट फिरायची वाट, काढणारं सॉफ्टवेअर) घेतली. टूलचा व्यास ०.३ मिमी दिला की चिपच्या पायांमध्ये रेघच पडत नाही. ०.१ दिला की स्क्रीनवर सगळं दिसतं, पण बोर्डाच्या एका कोपऱ्यात ट्रेस (तांब्याच्या वाटा) कुरतडले जातात आणि दुसऱ्या कोपऱ्यात तांबं तसंच राहतं. बिट व्ही आकाराचं, ३० अंशांचं, टोक ०.१ मिमी.

उत्तर, रत्नागिरी
दोन वेगळे दोष आहेत, दादा. पिच (एका पायापासून पुढच्या पायाचं अंतर) ०.८, पॅड (पाय जोडायची तांब्याची पट्टी) ०.५५, म्हणजे मधे फट ०.२५ मिमी. ०.३ चं टूल तिथे मावतच नाही, म्हणून फ्लॅटकॅम दोन्ही पॅड एकत्र धरून बाहेरून रेघ फिरवतं.

०.१ हे नुसत्या टोकाचं माप. व्ही-बिट खोल जाईल तसं रुंद कापतं: रुंदी = टोक + २ × खोली × टॅन(अर्धा कोन). ०.१ मिमी खोलीला ०.१ + ०.२ × ०.२६८ = साधारण ०.१५४. हाच व्यास टाका, पास (फेऱ्या) दोन, ओव्हरलॅप १५ टक्के. ६० अंशांचं बिट असतं तर ०.२१५ झालं असतं, म्हणजे फटीत जेमतेम. तांबं ३५ मायक्रॉन असतं, त्यामुळे ०.१ च्या पुढे खोल जायची गरजच नाही.

कोपऱ्यांचा फरक मात्र बोर्डाच्या उंचसखलपणाचा. बीसीएनसी किंवा कँडल या यंत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दर १० मिमीला प्रोब करून (बिट तांब्याला टेकवून उंची मोजून) हाइटमॅप, म्हणजे उंचीचा नकाशा, घ्या. जीआरबीएल कंट्रोलर बोर्डाच्या ए५ पिनची वायर बिटला, ग्राउंडची क्लिप तांब्याला.

उत्तर, वेंगुर्ला
प्रोबिंगच्या आधी तांबं स्कॉचब्राइटने घासून आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसा. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत उघडं तांबं लवकर काळवंडतं. त्या थरामुळे संपर्क उशिरा लागतो, हाइटमॅप चुकतो, आणि संपर्क लागलाच नाही तर बिटचं टोक मोडतं.

प्रश्न, मालवण
कोऱ्या बोर्डात एफआर१ स्वस्त मिळतंय, चालेल? आणि भोकं कधी पाडायची?

उत्तर, वेंगुर्ला
एफआर१ बिटला सोपं आणि काचेची धूळही नाही. पण ते कागद-फिनॉलिक, पावसाळ्यात ओल धरून वाकतं. पंपाजवळ बसणार असेल तर एफआर४च (काचतंतूचा बोर्ड) घ्या. त्याची धूळ मात्र फुप्फुसांना वाईट: व्हॅक्यूमची नळी बिटपाशी धरा, मास्क लावा, फुंकर मारू नका.

उत्तर, रत्नागिरी
क्रम असा: आयसोलेशन (ट्रेसभोवतीचं तांबं कोरणं), मग ०.८ ची भोकं (हेडरला, म्हणजे पिनांच्या कनेक्टरला, १.०), कटआउट (कडेने बोर्ड कापून काढणं) सगळ्यात शेवटी, नाहीतर सुटलेला बोर्ड हलतो. बिट बदललं की फक्त झेड शून्य नव्याने घ्या, एक्स-वायला हात लावू नका. कटआउटला २ मिमी एंडमिल, दर पासला ०.४ खोली, चार टॅब (न कापलेले छोटे जोड) ठेवा. सोल्डरिंग झाल्यावर फ्लक्स धुऊन बोर्ड पूर्ण वाळला की वर अ‍ॅक्रिलिक कोटिंगचे दोन हात द्या, कनेक्टरवर आधी टेप लावून.