मदत हवी आहे: ऊसतोड मजुरांची पाच मुलं गावात ठेवून घ्यायची आहेत, आठच दिवस उरलेत

संध्याकाळचा वर्ग: टोळी आठ दिवसांत निघतेय. आमच्या अभ्यासिकेतली पाच मुलं आईबापांबरोबर उसाच्या फडावर जातील आणि परत येईपर्यंत पाढेसुद्धा विसरलेली असतील. यंदा इथेच ठेवायची ठरवलीत. दोन खोल्या आहेत, स्वयंपाकाला बाई मिळाली. गावातले म्हणतात परवानगी लागते. कोणती? लवकर सांगा.

निवृत्त गुरुजी: जिल्हा कोणता? वयं किती? मुली आहेत का?

संध्याकाळचा वर्ग: बीड. 7 ते 12. तीन मुली. ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला आहे, मग अजून काय लागतं?

हिशोबनीस: 80जी (देणगीदाराला आयकरात सूट मिळवून देणारी नोंदणी) काढलंय का? देणगीदार आधी तेच विचारतात.

वकील ताई: ट्रस्टची नोंदणी पुरत नाही, दादा. मुलं मुक्कामाला ठेवायची तर बाल न्याय अधिनियम 2015, कलम 41 खाली वेगळी नोंदणी. ती नसेल तर वर्षापर्यंत कैद, किमान लाखाचा दंड किंवा दोन्ही. आठ दिवसांत होणारं काम नाही.

कोपीतला पोरगा: कायद्याने घाबरवू नका. मी फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, उसाच्या पाचटावर झोपून वाढलोय, दुसरीत दोनदा बसलो. ठेवून घ्या, बघू कोण अडवतं.

वकील ताई: रात्री एखाद्या पोरीला काही झालं तर कोण जबाबदार?

निवृत्त गुरुजी: भांडू नका. शाळेचं हंगामी वसतिगृह आहे की! जेवण शाळा व्यवस्थापन समितीकडून, झोपायला आजी-आजोबांकडे. उद्याच मुख्याध्यापकांना गाठा. आजी-आजोबा आहेत ना?

संध्याकाळचा वर्ग: चौघांना आहेत. पाचव्या मुलीला कुणी नाही. वडील वारले, आई अर्ध्या कोयत्यावर, म्हणजे जोडीदाराशिवाय एकटीच तोडीला जाते. काल पोरीने वह्या खताच्या पिशवीत बांधून माझ्याकडे आणून दिल्या. म्हणाली, "सर, भिजू देऊ नका."

पुणेकर: आमच्याकडे 10 जुने टॅब आहेत, पाठवू का?

निवृत्त गुरुजी: अहो सर, त्या पोरीचं आधी सांगायचं! तिच्यासाठी सरकारची बाल संगोपन योजना आहे, महिना 2250 रुपये. एखादी मावशी, आत्या सांभाळायला तयार हवी.

कोपीतला पोरगा: ते पैसे येईपर्यंत कारखान्याचा पट्टा पडेल, हंगामच संपेल, गुरुजी.

वकील ताई: पैसे नंतर येऊ देत. आई गावात आहे तोवर तिला आणि मुलीला बाल कल्याण समितीपुढे न्या, अशा मुलांचा निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती ती. आई गेल्यावर सही कुणाची घेणार? रस्ता सापडला नाही तर 1098 ला, मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा.

निवृत्त गुरुजी: आणि जावंच लागलं तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड घेऊन द्या. कारखान्याजवळच्या शाळेला दाखला नाही म्हणून पोरीला परत पाठवता येत नाही.

संध्याकाळचा वर्ग: आईची चुलत बहीण शेजारच्या गावात आहे, आज संध्याकाळीच जातो. समिती कोणत्या वारी बसते, बीडचं कुणी सांगेल का?

हिशोबनीस: 80जीचं राहिलंच.