अमेरिकेत संगीतात मास्टर्स किंवा डॉक्टरेट: प्रवेश मिळाल्यानंतरचे नियम आणि तुमचे अनुभव

दरवर्षी उन्हाळा आला की ओळखीपाळखीतून निरोप येतात: "पुतणीला पियानोच्या मास्टर्सला प्रवेश मिळालाय, तिथे गेल्यावर नेमकं काय काय पूर्ण करावं लागतं?" ऑडिशनबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यानंतर पदवी हातात पडेपर्यंत ज्या परीक्षा, अर्ज, सह्या आणि तारखा येतात त्यांबद्दल मराठीत एका जागी वाचायला मिळत नाही. म्हणून हा धागा. तुम्ही तिथे संगीत शिकला असाल, शिकत असाल, तर सविस्तर लिहा. विद्यापीठाचं नाव नाही लिहिलंत तरी चालेल, फक्त वर तुमचा विषय आणि पदवी लिहा.

थोडी पार्श्वभूमी मी देते. वादन, गायन, कंडक्टिंग यांची साधारण दोन वर्षांची पदवी म्हणजे एम.एम., मास्टर ऑफ म्युझिक. संगीतशाळांना मान्यता देणारी नॅशनल असोसिएशन ऑफ स्कूल्स ऑफ म्युझिक (स्थापना १९२४) मास्टर्ससाठी किमान ३० सेमिस्टर क्रेडिट धरते. कलाकारांची डॉक्टरेट ती डीएमए, डॉक्टर ऑफ म्युझिकल आर्ट्स. संगीतशास्त्र, थिअरी, एथ्नोम्युझिकॉलॉजी (समाज-संस्कृतीच्या संदर्भात संगीताचा अभ्यास) यांची पीएच.डी.; कॉम्पोझिशनला दोन्ही वाटा आहेत. नियम दोन ठिकाणी लिहिलेले असतात, संगीत विद्यालयाच्या हँडबुकात आणि विद्यापीठाच्या ग्रॅज्युएट स्कूलच्या कॅटलॉगमध्ये, आणि दोन्ही लागू असतात. सहसा ज्या वर्षी तुम्ही दाखल झालात त्या वर्षीचा कॅटलॉग तुमचा. त्याची पीडीएफ पहिल्याच आठवड्यात उतरवून ठेवा. डॉक्टरेट संपेपर्यंत वेबसाइटवर नवी आवृत्ती आलेली असते आणि कुणी नव्या नियमावर बोट ठेवलं तर तुमची जुनी प्रतच कामाला येते.

पियानो, एम.एम. आणि नंतर डीएमए

क्लासेस सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात प्लेसमेंट परीक्षा होते, थिअरीची आणि इतिहासाची. प्रवेश मिळालेला असतो, त्यामुळे बरेच जण ती गंभीरपणे घेत नाहीत. त्यात कमी पडलात तर रिव्ह्यू कोर्स करावे लागतात. बहुतेक ठिकाणी त्यांची क्रेडिट पदवीत धरत नाहीत, वेळ आणि पैसे मात्र जातात.

ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षांच्या वरच्या ग्रेड केलेल्यांना थिअरी जमते: चार आवाजांत हार्मनी लिहिणं, रोमन अंकांनी विश्लेषण, ऐकून स्वरलेखन. अडतं ते इतिहासात. नाव झाकलेल्या स्कोअरचं एक पान समोर येतं आणि कालखंड, प्रकार, संभाव्य रचनाकार आणि मुख्य म्हणजे कारणं लिहायची असतात. समजा वर दोन व्हायोलिन आहेत, खाली बासची एकच ओळ आणि तिच्याखाली बारीक आकडे: ६, ७, ४-३. म्हणजे फिगर्ड बास, म्हणजे बहुधा बरोक ट्रिओ सोनाटा. दोन्ही व्हायोलिन एकमेकांमागून तोच विषय घेत असतील तर कोरेल्लीच्या वळणाचं म्हणता येईल. एवढं नीट मांडलं तर रचनाकाराचं नाव चुकलं तरी गुण मिळतात. हा विचार करायची सवय लावायची तर उन्हाळ्यात रोज एक अनोळखी पान उघडा आणि आवाज न ऐकता वाचा. पुढे डॉक्टरेटच्या कॉम्प्सनाही (कोर्स संपल्यावरच्या मोठ्या परीक्षेला) हाच अभ्यास उपयोगी पडतो.

गायन, एम.एम.

गायकांना भाषा जास्त. इटालियन, जर्मन, फ्रेंच या तिन्हींचं डिक्शन (गाण्यातले उच्चार) आणि उच्चार लिहिण्याची आयपीए लिपी आधी झालेली नसेल तर ते कोर्स करून यावं लागतं किंवा तिथे करावे लागतात. इथे मराठी माणसाला एक फायदा आहे, तो कुणीच आधी सांगत नाही. 'चाक'मधला च जर्मन झेडच्या जागी जसाच्या तसा बसतो. इटालियनचे त, क, प आपल्यासारखेच, श्वास न सोडता. जर्मनमध्ये तेच थ, ख, फ यांच्याकडे झुकतात. इंग्रजी बोलणारे वर्गमित्र हा फरक आठवडेच्या आठवडे घोटत होते.

रिसायटल, म्हणजे स्वतःचा जाहीर एकल कार्यक्रम, हा एम.एम.चा गाभा. साधारण तासाभराचं संगीत, गायकांना बहुतेक ठिकाणी सगळं पाठ. त्याच्या काही आठवडे आधी हिअरिंग, म्हणजे शिक्षकांच्या कमिटीपुढची चाचणी, असतं. पूर्ण कार्यक्रम तयार ठेवायचा, कमिटी हवा तो भाग मागते. माझ्या हिअरिंगला जर्मन गट मध्येच थांबवला आणि फ्रेंच गाण्याचं शेवटचं कडवं मागितलं. पियानोवर साथ करणारीला पान शोधायलाही पुरता वेळ मिळाला नाही, तिने फक्त सूर दिला आणि मी सुरू केलं. सगळ्या गाण्यांचं मधलं कडवं, शेवटचं कडवं अशी तुकड्यांनी सुरुवात करायची तालीम मुद्दाम करा. हिअरिंग पास झालं नाही तर हॉलची तारीख जाते आणि त्याच सेमिस्टरमध्ये दुसरी मिळणं कठीण. हॉल शेवटी बुक करा. आधी गुरू, साथीदार आणि कमिटी या सगळ्यांना जमणारी तारीख लेखी पक्की करा.

कार्यक्रमाच्या निवडीलाही नियम असतात. शूबर्टचं विंटररायझं (१८२७) पूर्ण गावं असं अनेकांना वाटतं. चोवीस गाणी, सत्तर मिनिटांच्या आसपास आणि सगळं जर्मन. रिसायटलमध्ये तीन-चार भाषा हव्यात असा नियम असेल तर ते बसत नाही, त्यासाठी पिटिशन (नियमातून सवलतीचा अर्ज) करावी लागते. पिटिशन मंजूर होतात, हे सांगायलाच मी हे लिहितेय. आधीच्या पदवीत इतर भाषांतलं गाणं झालेलं असेल तर ते जुन्या कार्यक्रमपत्रिका जोडून दाखवा.

चेलो, एम.एम.

पैशांचं आणि व्हिसाचं वर कुणी लिहिलं नाही. असिस्टंटशिप म्हणजे विभागासाठी काम करायचं आणि त्याबदल्यात ट्यूशन माफ आणि महिन्याचा स्टायपेंड. पण ट्यूशन वेगळी आणि फी वेगळी. आरोग्य विमा, तंत्रज्ञान, आंतरराष्ट्रीय विद्यार्थी अशा फिया बऱ्याच ठिकाणी स्वतः भराव्या लागतात. स्टायपेंड बहुधा नऊ महिन्यांचा असतो, त्यामुळे उन्हाळ्याची सोय आधी बघा.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं. पूर्ण असिस्टंटशिप बहुधा तेवढीच धरलेली असते, म्हणजे वर ग्रंथालयात वगैरे काम घेता येत नाही. आणि चेलो वाजवणाऱ्याला सतत विचारणा होते: लग्नात क्वार्टेटमध्ये ये, ईस्टरला चर्चमध्ये वाजव, रोख देतो. परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर पैसे घेऊन वाजवणं हा व्हिसाचा भंग आहे. अमेरिकन मित्र अगदी सहज बोलावतात, कारण त्यांना हा प्रश्नच नसतो. मोठ्या मनाने बोलावतात, त्यामुळे नाही म्हणणं जड जातं. तरीही नाही म्हणा आणि कारण स्पष्ट सांगा. अभ्यासक्रमात इंटर्नशिपचं क्रेडिट असेल तर सीपीटीबद्दल (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून बाहेर काम करण्याची परवानगी) इंटरनॅशनल ऑफिसला विचारा. पदवीनंतर ओपीटी, म्हणजे आपल्या विषयात काम करण्याची परवानगी, १२ महिन्यांची. वादनाची शाखा स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या) यादीत नाही, त्यामुळे त्या यादीतल्यांना मिळणारे पुढचे २४ महिने मिळत नाहीत. येण्याआधीच घरी हे बोलून ठेवा.

मी नुसती वाचक, एक प्रश्न विचारते: बी.कॉम. आणि गांधर्वची विशारद आहे. मला अर्ज करता येईल का?

एथ्नोम्युझिकॉलॉजी, पीएच.डी.

ताई, आधी तुमच्या प्रश्नाचं. वादन-गायनाच्या एम.एम.ला सहसा संगीताची पदवी मागतात. आमच्या शाखेत वेगळ्या पदवीचे लोक येतात, लेखनाचा नमुना चांगला हवा. विशारदमुळे तुमची तयारी दिसते, पण विद्यापीठाच्या पदवीऐवजी ती चालेल असं धरू नका. तीन वर्षांची बी.कॉम. चार वर्षांच्या पदवीइतकी मानतात का, हे अर्जाची फी भरण्याआधी ग्रॅज्युएट ॲडमिशन्सला ईमेल करून विचारा.

आता माझा अनुभव. आम्हाला रिसायटल नसतं, पण आयआरबी असतो. मुलाखती घेऊन संशोधन करायचं तर आधी विद्यापीठाच्या इन्स्टिट्यूशनल रिव्ह्यू बोर्डाकडे जावं लागतं. परवानगी आधी, मुलाखती नंतर. माझा विषय वारकरी कीर्तन. अर्जाला मराठी संमतीपत्र जोडलं: संशोधन कशासाठी, मुलाखत केव्हाही थांबवता येईल, ध्वनिमुद्रण कुठे ठेवणार, नाव छापायचं का. बोर्डाने मान्य केलं. मग मराठवाड्यात एका वयस्कर बुवांपुढे तो कागद ठेवला. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला, नीट घडी घातली आणि माझ्या हातात परत दिला. "माउली, विचारायचं ते विचारा. विठ्ठलाच्या नावानं गातो, त्यावर सही कसली करायची?"

बोलायला ते तयार होते, पण सही नव्हती. त्या दिवशी मी कीर्तन ऐकलं, प्रसाद घेतला आणि मुलाखत न घेता निघाले. अमेरिकेच्या फेडरल नियमांत यावर तोड आहे. जोखीम अगदी कमी असेल आणि त्या समाजात कागदावर सही करायची रीत नसेल तर लेखी सहीची अट शिथिल करता येते, संमती घेतल्याची नोंद दुसऱ्या मार्गाने ठेवावी लागते. मी तसा सुधारित अर्ज केला. मंजूर झाल्यावर पुन्हा गेले, मजकूर वाचून दाखवला आणि त्यांचं "हो, विचारा" ध्वनिमुद्रणात घेतलं. नावाबद्दल मात्र त्यांनी ठाम सांगितलं: छापा, आणि गुरूंचंही छापा. बोर्डाचे नमुने नाव लपवण्याकडे झुकलेले असतात. आपल्या परंपरेत गुरूचं नाव गाळणं हा अनादर. म्हणून पहिल्याच अर्जात तोंडी संमती आणि नाव छापण्याचा पर्याय, दोन्ही मागून घ्या. मंजुरीला वेळ लागतो आणि वारी काही आपल्यासाठी थांबत नाही.

भाषेची अटही असते, बहुधा दोन संशोधन-भाषा. मराठी क्षेत्रभाषा म्हणून काही विभाग मान्य करतात, काही मातृभाषा धरत नाहीत. मी जर्मन वाचायला शिकले आणि त्याचा फार आनंद आहे. होर्नबोस्टेल आणि झाक्स यांचं वाद्यांचं वर्गीकरण १९१४ साली जर्मनमध्ये आलं. ते बेल्जियन वाद्यतज्ज्ञ माहियोंच्या कामावर उभं आहे, आणि माहियोंच्या मागे आपली तत, सुषिर, अवनद्ध, घन ही वाद्यांची जुनी विभागणी. ते मूळ पानांत वाचताना परीक्षेसाठी वाचतोय असं वाटलंच नाही.

कॉम्पोझिशन, एम.एम.

थोडक्यात लिहितो. ऑर्केस्ट्रा वर्षातून एखाद्या वेळी विद्यार्थ्यांच्या रचना वाजवून बघतो, त्याला रीडिंग सेशन म्हणतात. तिथे मिनिटं मोजून मिळतात. पार्ट (प्रत्येक वाद्याची वेगळी प्रत) नीट नसतील तर ती मिनिटं प्रश्नोत्तरांतच संपतात. प्रत्येक पान उलटायच्या जागी विराम हवा, मोठ्या विरामानंतर दुसऱ्या वाद्याची क्यू (कधी सुरू करायचं याची खूण) बारीक अक्षरांत हवी, बार नंबर स्कोअरला आणि पार्टला तेच हवेत. व्हायोलाच्या शेवटच्या डेस्कवरच्या माणसाच्या नजरेने प्रत्येक पान तपासा. थीसिसच्या रचनेसोबत विश्लेषणाचा लेख लागतो, तो रचना चालू असतानाच लिहायला घ्या.

कंडक्टिंग, डीएमए

कॉम्प्स म्हणजे कोर्सवर्कनंतरची मोठी परीक्षा, आधी लेखी, मग तोंडी. ती पास झाली की कँडिडसी, म्हणजे प्रबंधाच्या टप्प्यात प्रवेश. मला आलेला एक प्रश्न सांगतो: ब्रुकनरची चौथी सिम्फनी करायची तर कुठली आवृत्ती घ्याल? १८७४ची, १८७८-८०ची की १८८८ची, आणि का? इथे तिसऱ्या मूव्हमेंटपासून बोलता आलं पाहिजे, कारण १८७४चा स्केर्झो पूर्ण वेगळा आहे आणि शिकारीच्या हॉर्नचा सगळ्यांना माहीत असलेला स्केर्झो नंतर लिहिलेला. कमिटीला तुमचा निर्णय ऐकायचा असतो. मी १८७८-८० निवडली, तासभर त्यावरच चर्चा झाली आणि ती माझ्या सगळ्या शिक्षणातली सर्वांत चांगली चर्चा होती.

कमिटीत विभागाबाहेरचा एक सदस्य लागत असेल तर त्याच्याकडे एखादा कोर्स आधी करा, म्हणजे ओळख असते. तोंडी परीक्षेच्या सेमिस्टरला कुणी सबॅटिकलवर (अध्यापनातून मोठ्या रजेवर) आहे का, हे वर्षभर आधी विचारा.

पियानो, पुन्हा मीच

शेवटच्या वर्षाचं राहिलं होतं. डीएमएच्या प्रबंधात स्वरलिपीची उदाहरणं घालायची तर कॉपीराइट बघावा लागतो. अमेरिकेत जुन्या प्रकाशित रचनांना प्रकाशनापासून ९५ वर्षं संरक्षण असतं. गर्शविनची 'ऱ्हॅप्सडी इन ब्लू' १९२४ची, ती २०२०मध्ये मोकळी झाली. बार्बरचा पियानो सोनाटा १९४९चा, तो अजून संरक्षित आहे. माझं अर्धं प्रकरण त्यावर होतं. प्रकाशकाला प्रत्येक उदाहरणाचे बार नंबर कळवून परवानगी मागितली आणि पत्र परिशिष्टात जोडलं. उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून विषय मंजूर झाला की लगेच लिहा.

मग फॉरमॅट चेक. स्वरलिपीची उदाहरणं समासाबाहेर गेली की ग्रॅज्युएट स्कूल प्रबंध परत पाठवतं, आणि नोटेशनच्या सॉफ्टवेअरमधून आणलेली चित्रं हमखास समासाबाहेर जातात. पहिलं प्रकरण त्यांच्याच टेम्प्लेटमध्ये लिहा. पदवीसाठीचा अर्ज बहुतेक ठिकाणी सेमिस्टरच्या सुरुवातीलाच भरायचा असतो, डिफेन्सच्या (प्रबंधावरच्या तोंडी परीक्षेच्या) कितीतरी आधी, आणि डिफेन्सच्या सेमिस्टरला नोंदणी चालू हवी. त्या सेमिस्टरला घेण्यासारखे कोर्स उरले नसतील तर एफ-१वाल्यांनी कमी क्रेडिटची परवानगी इंटरनॅशनल ऑफिसकडून घ्यावी, आणि ती सत्र सुरू होण्याआधी.