हॉटेल मॅनेजमेंटची पदवी, विद्यापीठ राज्याबाहेरचं, फी हप्त्यांवर: भरावी का?

भाचीचा_मामा
भाचीची बारावी झाली. मडगावातलं एक खासगी इन्स्टिट्यूट हॉटेल मॅनेजमेंटच्या तीन वर्षांच्या पदवीसाठी ३,६०,००० रुपये सांगतंय. पदवी राज्याबाहेरच्या खासगी विद्यापीठाची, वर्ग मात्र मडगावातच. माहितीपत्रकावर 'आयएसओ प्रमाणित' आणि 'शंभर टक्के प्लेसमेंट' छापलंय. फी एका फायनान्स कंपनीकडून 'बिनव्याजी हप्त्यांत' करून देतात. मूळ मार्कशीट आत्ताच जमा करा म्हणून मागे लागलेत. पदवी सरकारी नोकरीला चालेल का? मध्येच सोडलं तर पैसे परत मिळतात का?

पाटो_पणजी
मामा, मूळ मार्कशीट अजिबात देऊ नका. मूळ दाखले पडताळून तिथल्या तिथे परत द्यायचे, ठेवून घ्यायचे नाहीत, असं यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) ऑक्टोबर २०१८च्या अधिसूचनेत स्पष्ट आहे. दाखले अडकले की दुसरीकडे लागलेला प्रवेशही हातचा जातो. झेरॉक्सवर भाचीची सही करून द्या, तेवढं पुरतं.

आता पदवीचं. यूजीसी कायदा १९५६, कलम २२ प्रमाणे पदवी देण्याचा अधिकार तिघांनाच: केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ, आणि संसदेने खास अधिकार दिलेली संस्था. इन्स्टिट्यूटला तो अधिकार नाही म्हणून बाहेरचं विद्यापीठ पुढे केलं जातं. पण खासगी विद्यापीठाला कॉलेजं संलग्न करून घेता येत नाहीत, आणि दुसऱ्या राज्यात फ्रँचायझी देऊन वर्गही चालवता येत नाहीत. यावर 'कागदोपत्री दूरशिक्षण दाखवू' असं उत्तर येईल. तीही वाट बंद आहे, कारण हॉटेल मॅनेजमेंट, केटरिंग आणि पाककला हे अभ्यासक्रम दूरशिक्षणाने चालवायला यूजीसीची मनाई आहे. तुम्ही लिहिलंय तसंच असेल तर ही पदवी नोकरीच्या पडताळणीत अडकणार. तोवर मुलीची तीन वर्षं गेलेली असतील, आणि मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते त्याचंच. फी कदाचित वसूल होईल, वर्षं होत नाहीत.

विद्यापीठाच्या कुलसचिवांना ईमेल करा: मडगावच्या या पत्त्यावरचा अभ्यासक्रम तुमचाच आहे का, आणि गुणपत्रिकेवर पद्धत काय छापली जाते, नियमित, दूरस्थ की ऑनलाइन? दुसरा प्रश्न विसरू नका. शिवाय गोवा विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांची यादी आणि एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या केंद्रीय परिषदेची) चालू वर्षाची यादी पाहा. उच्च शिक्षण आणि तंत्रशिक्षण, दोन्ही संचालनालयं पर्वरीलाच आहेत. तिथे लेखी विचारा आणि अर्जाची पोच घ्या. आयएसओचा पदवीच्या मान्यतेशी काहीही संबंध नाही.

सांगे_रोड
हप्त्यांबद्दल. रोख भरली तर फी किती, हे आधी विचारा. रोखीने ३,३०,००० आणि हप्त्यांनी ३,६०,००० असेल, तर मधले ३०,००० हेच व्याज. करार होतो पालक आणि फायनान्स कंपनी यांच्यात. कंपनी इन्स्टिट्यूटला पैसे एकदम देऊन टाकते, त्यामुळे मुलीने दुसऱ्या महिन्यात सोडलं तरी हप्ता बँकेतून कापला जातोच. थांबवला तर पालकाचा सिबिल (कर्जफेडीच्या नोंदीवरचा गुणांक) बिघडतो. सही करण्याआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' (कर्जाच्या मुख्य अटींचा कागद) मागा आणि त्यातला वार्षिक दर वाचा. कर्ज ॲपवरून असेल तर सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत दंडाशिवाय माघार घेता येते. ती मुदत त्याच कागदावर असते.

त्यापेक्षा बँकेचं शैक्षणिक कर्ज विचारा. सर्वसाधारण योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होते. गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्ज योजनाही आहे. दोन्हीकडे अभ्यासक्रमाची मान्यता तपासतात. मान्यता नाही म्हणून बँकेनेच नकार दिला, तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळालं.

खाजन
फी परताव्याबद्दल यूजीसीच्या त्याच २०१८च्या अधिसूचनेतलं कोष्टक असं: प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी सोडलं तर १०० टक्के (प्रक्रिया खर्च फीच्या ५ टक्क्यांपर्यंत, कमाल ५,००० रुपये), त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत ९०, तारखेनंतर १५ दिवसांत ८०, १६ ते ३० दिवसांत ५०, पुढे शून्य. २०२४-२५ साठी यूजीसीने ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण फी परत करायला सांगितली होती, म्हणून त्या त्या वर्षाचं परिपत्रक पाहा. पण हे विद्यापीठांना आणि संलग्न कॉलेजांना लागू. कोणाशीच संलग्न नसलेल्या इन्स्टिट्यूटवर त्याचा धाक नाही.

आपल्याकडे शिक्षणसंस्था नफ्यासाठी चालवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने टी. एम. ए. पै खटल्यात (२००२) वाजवी शिल्लक ठेवायला मुभा दिली, नफेखोरीला नाही. म्हणून संस्था ट्रस्टची असते आणि पैसा इमारतीच्या भाड्यातून किंवा 'व्यवस्थापन शुल्का'तून बाहेर जातो. मग कात्री लागते ती मास्तरांच्या पगाराला आणि प्रात्यक्षिकाच्या सामानाला. बॅच चालू असताना किचन पाहायला जा. प्रत्येक मुलासमोर बर्नर आहे की आठ जण एका शेगडीभोवती वही घेऊन उभे आहेत? ओव्हन तापलेला आहे की त्यावर अजून प्लास्टिक आहे? प्लेसमेंटची गेल्या बॅचची यादी मागा: हॉटेल, हुद्दा, सुरुवातीचा पगार. गोव्यात पर्यटन हंगामापुरतं कंत्राटही प्लेसमेंट म्हणून मोजलं जाऊ शकतं, तेव्हा नेमणूक किती महिन्यांची तेही विचारा.

भाचीचा_मामा
देव बरें करूं सगळ्यांना. आज विचारलं तर म्हणाले, विद्यापीठाशी सामंजस्य करार आहे, हवं तर डिप्लोमा लिहून देऊ. भावोजींनी १०,००० भरून ठेवलेत, पावती आहे.

पाटो_पणजी
सामंजस्य करार म्हणजे संलग्नता नव्हे. त्यांचा स्वतःचा डिप्लोमा कौशल्य म्हणून कामाला येईल, पण पदवीधर पदाला चालणार नाही, आणि त्यासाठी ३,६०,००० फारच झाले. प्रवेश रद्द करत असल्याचा अर्ज आजच ईमेलने आणि रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा, पावतीची प्रत जोडा. माहितीपत्रक जपून ठेवा, खोट्या दाव्याचा पुरावा तोच.

पैसे आले नाहीत तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, मग दक्षिण गोवा जिल्हा ग्राहक आयोग. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षं. मान्यताप्राप्त संस्थेविरुद्ध ग्राहक तक्रार चालते का यावर वाद आहे, पण मान्यता नसताना प्रवेश दिल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने बुद्धिस्ट मिशन डेंटल कॉलेज प्रकरणात (२००९) विद्यार्थ्यांना भरपाई दिली होती. तक्रारीत त्या निकालाचा उल्लेख करा.