पडदा किती मोठा?
'जितका मोठा पडदा तितकी मजा' असं कुणीतरी लिहिलंय, ते अंगणात प्रोजेक्टरवर सिनेमा दाखवताना तरी पटत नाही. प्रोजेक्टरचा प्रकाश तेवढाच असतो. रुंदी दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट आणि उजेड पावपट. रात्रीचे प्रसंग मग नुसते करडे दिसतात. खोक्यावरच्या ल्युमेनच्या (उजेडाच्या मापाच्या) आकड्यावरही जाऊ नका, 'आन्सी ल्युमेन', म्हणजे ठरलेल्या प्रमाणित पद्धतीने मोजलेला उजेड, किती ते बघा.

पडदा म्हणून चादर लावायला मात्र माझी ना नाही, फक्त पातळ नको. आमच्याकडे पडद्यामागे जाऊन बसलेल्या पोरांना अख्खा सिनेमा डावं-उजवं उलटा, पण छान दिसत होता! म्हणजे तेवढा प्रकाश आरपार वाया. पांढरी चादर दुहेरी करून लावली की चित्र उजळतं. खालची कडही ताणून बांधा, नाहीतर वाऱ्याबरोबर सगळ्यांचे चेहरे डुलायला लागतात.