भंडारदऱ्याला काजवे बघायला: शनिवार सोडून कधी यावं, गाडी कुठे लावावी?

पुणेरी_भटक्या: जूनच्या पहिल्या आठवड्यात घरच्यांना घेऊन काजवे बघायला यायचा विचार आहे. संगमनेर-अकोले-राजूरमार्गे येऊ. सोबत आई आहे, तिला फार चालवत नाही. घाटघर की रतनवाडी? आणि झाडांच्या जवळ मोकळ्या रानात गाडी लावली तर चालते का?

डांगाणी: शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो: नाही चालत. तुम्हाला जे मोकळं रान दिसतं ना, तिथं आम्ही राब भाजलेला असतो. शेण, पालापाचोळा, गवत, वर बारीक माती असं थरावर थर देऊन उन्हाळ्यात जाळायचं, म्हणजे तणाचं बी मरतं आणि भाताचं रोप जोमानं येतं. काजवे आणि पेरणी एकाच वक्ताला येतात, त्याला कोण काय करणार! त्या काळ्या वाफ्यावरून चाक गेलं की माती दबते, मग रोप विरळ. वाफा असतो चार हातांचा, पण सगळ्या खाचरांची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, त्याच्यावरच. बांधावर गाडी चढवली की बांधही ढासळतो. गेल्या साली रात्री एकानं आमच्या नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, राबात जीप फिरवून वळवली. सकाळी गेलो तर टायरच्या नक्षीसकट दोन चाकोऱ्या. विचारायचं कुणाला?

गाडी गावात लावा. अंगणाचे पैसे मागितले तर द्या, ते घरातच राहतात. आईंसाठी रतनवाडीच्या बाजूला या, अमृतेश्वराचं देऊळही बघून होईल. अमावास्येच्या आसपासचा मधला वार धरा. जोराचा पाऊस लागला की काजवे कमी होतात.

नाशिककर७: हेडलाइट चालू ठेवूनच लोक बघत बसतात हो. चमकून नर मादीला बोलावतो, उजेड पडला की सगळा गोंधळ. शिवाय फोटोसाठी फ्लॅश मारून उपयोग शून्य, नुसतं पान दिसतं.

पुणेरी_भटक्या: राबाचं खरंच माहीत नव्हतं, जळालेलं गवत असेल असं वाटलं असतं. झाडं कशी ओळखायची? आणि जेवणाचं काय?

डांगाणी: ओळखायला काय लागतं, लांबूनच अख्खं झाड लुकलुकतं. सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ, उंबर यांच्यावर जास्त. फांदी हलवून काजवे उडवू नका. बाटलीत धरायला पोरांना तर मुळीच देऊ नका.

जेवण दुपारपर्यंत सांगावं लागतं. आयत्या वेळी रात्री नऊला बारा माणसं दारात उभी राहिली की घरच्या बाईनं चूल परत पेटवायची का? सांगून आलात तर नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा, इंद्रायणीचा भात. पनीर मिळणार नाही. नाक्यावर वन्यजीव विभागाची पावती घ्यावी लागते, सुट्टे पैसे ठेवा. आणि सांदण दरी याच फेरीत करायची असेल तर पाऊस नसतानाच, तीही दिवसा. वर पाणी पडलं की आत लोंढा येतो.